हत्यार उसनं देता येतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हातात पडलं. आतेभाऊ ओहायोत डेटनजवळ असतो, त्याच्या गॅरेजमध्ये छोटं मिलिंग मशीन आहे. त्याच्या नादानं तुम्हालाही घरी रायफल बांधायची हौस लागली. रिसीव्हरचा, म्हणजे बंदुकीची यंत्रणा धरणाऱ्या मुख्य सांगाड्याचा, अर्धवट तुकडा, ज्याला इथं 'एटी पर्सेंट' म्हणतात, तो मागवून आतेभावाकडे ठेवला आहे. आता पाच मित्रांनी वर्गणी काढून एक जिग, म्हणजे कटरला वाट दाखवणारा साचा, घ्यायचं, ते भिशीसारखं फिरवायचं, मशीनला द्यायच्या फायली व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या आणि ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्यानं आतेभावाच्या मशीनवर जॉब लावायचा, असा बेत आहे. पाचांतला एक एच-१बीवर आहे. घराजवळच्या मेकरस्पेसमध्ये, म्हणजे सभासदांच्या सामायिक कार्यशाळेत, सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन आहे, तिथं चालेल का, हेही विचारलंत. आणि अगदी शेवटी हळूच, की मेव्हण्याचं भोसरीत व्हीएमसी, म्हणजे तसलंच मशीन आहे, तिथून करून आणलं तर? या सगळ्याचं सार तुम्ही एका वाक्यात काढलंत: "हत्यारं एकमेकांना वापरायला दिली तर गुन्हा होतो का?"

'हत्यार' वाचून मला आधी हसू आलं. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये लेथवर हात बसला. तिथं हत्यार म्हणजे लेथचं टूल. "हत्याराला धार काढून आण" म्हटलं की ग्राइंडरकडे पळायचं. खंडेनवमीला झेंडू वाहायचा तो लेथला, वाइसला आणि मायक्रोमीटरच्या डबीला. दुसऱ्या अर्थाचं हत्यार त्या शेडमध्ये कधी आलं नाही. ओहायोत येऊन एकोणीस वर्षं झाली, क्लीव्हलंडजवळ माझं मशीन शॉप आहे आणि २०१५ पासून बंदुका बनवण्याचा केंद्रीय परवाना आहे, टाइप ०७. मी वकील नाही. एटीएफ म्हणजे दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं बघणारं केंद्रीय खातं. त्यांचे तपासनीस माझी आवक-जावक वही उलटून बघतात. त्यामुळं कुठं पाय घसरतो, एवढं अनुभवानं कळतं.

तुम्ही विचारताय हत्यार कुणाचं. कायदा ते जवळपास विचारतच नाही. तो विचारतो की जॉबवर हात कुणाचा, त्यात धंदा कुणाचा, आणि ज्याच्याकडे बंदूक राहणार तो माणूस कोण आणि कुठं राहतो. तुमच्या बेतात मशीन हा सगळ्यात निरुपद्रवी भाग आहे. अडचण तुमच्या पाच जणांत आणि दोन राज्यांत आहे.

पाया सांगतो. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार बंदुका बनवण्याचा किंवा विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. स्वतःसाठी, विकण्याचा हेतू न ठेवता, एखादी साधी रायफल किंवा पिस्तूल घरी बनवायला केंद्रीय कायद्यात परवाना लागत नाही. अट अशी की तुम्हाला बंदूक बाळगायला मुळात बंदी नसावी. दुसरं, कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे पूर्ण बंदूकच नव्हे. नुसती फ्रेम किंवा रिसीव्हर हीसुद्धा बंदूकच. नळी, दस्ता, ट्रिगर हे सगळं टपालानं येतं, कुणी विचारत नाही. नवा रिसीव्हर मात्र डीलरकडूनच घ्यावा लागतो, फॉर्म ४४७३ भरून, पार्श्वभूमी तपासून. म्हणूनच हा अर्धवट तुकड्यांचा बाजार उभा राहिला: शेवटचं मशीनिंग बाकी ठेवलं की तो रिसीव्हर नाही, निव्वळ ॲल्युमिनियम. 'एटी पर्सेंट' हा शब्द कायद्यात कुठंही नाही, तो विकणाऱ्यांचा आहे.

आता साधनं वाटून घेण्याचा मुद्दा. यावर एटीएफनं एक निर्णय स्पष्ट दिला आहे आणि तो माझ्या शॉपच्या दारातूनच गेला म्हणायला हरकत नाही.

२०१४ च्या डिसेंबरची गोष्ट. माझ्याकडे तेव्हा परवाना नव्हता. पंपांचे, व्हॉल्व्हचे सुटे भाग करायचो. एका शनिवारी एक गिऱ्हाईक आलं. कापडात गुंडाळलेला तुकडा टेबलावर ठेवला, शेजारी पेन ड्राइव्ह. म्हणाला, "प्रोग्रॅम माझा, जॉब माझा. तुम्ही फक्त वाइसमध्ये पकडून द्या. हिरवं बटन मी दाबतो. म्हणजे बनवणारा मी. तुम्ही तासाचं भाडं घ्या." युक्तिवाद बिनतोड वाटला. त्या काळात कितीतरी शॉपमध्ये हे उघड चालायचं, लोक त्याला 'बिल्ड पार्टी' म्हणायचे, पिझ्झा मागवायचे. माझी कूलंट टाकी त्या दिवशी साफ करायला काढली होती, म्हणून मी म्हणालो, नाताळ झाल्यावर ये. नाही म्हणालो नव्हतो, हे कबूल करतो. २ जानेवारी २०१५ ला एटीएफचा निर्णय आला, क्रमांक २०१५-१.

त्यात लिहिलंय ते असं: मशीनिंग, ओतकाम, फोर्जिंग, प्रिंटिंग, कुठल्याही प्रक्रियेनं फ्रेम किंवा रिसीव्हर तयार करण्याचा धंदा जो करतो त्याला उत्पादकाचा परवाना लागेल, नंबर ठोकावा लागेल, नोंदी ठेवाव्या लागतील. आणि गिऱ्हाइकाला सीएनसी सुरू करू दिलं, किंवा आपल्या ताब्यातली यंत्रं, हत्यारं, साहित्य त्याला वापरू दिलं, एवढ्यानं यातून सुटका होणार नाही. हिरव्या बटनाचं नावच घेतलंय म्हणा ना. कंसात आणखी दोन शब्द आहेत, संघटना आणि संस्था. म्हणजे "आम्ही दुकान नाही, क्लब आहोत" हेही चालणार नाही.

तुमच्या मेकरस्पेसचं उत्तर त्या दोन शब्दांत आलं. सभासद-वर्गणी घेणारी संस्था, तिच्या ताब्यातलं सीएनसी, त्यावर तुमचा तुकडा: हे नेमकं त्या निर्णयातलं चित्र आहे. तिथं एकट्यानं, रात्री दहा वाजता, कुणालाही न सांगता लावला तरी अडचणीत संस्था येते. बहुतेक मेकरस्पेसच्या नियमावलीत बंदुकांची मनाई असते, ती उगीच नाही.

ते पेन ड्राइव्हवालं गिऱ्हाईक नाताळानंतर आलं तेव्हा मी नाही म्हणालो. पुढं परवाना काढला. आज तोच माणूस तुकडा घेऊन आला तर मी जॉब करून देतो, पण मग उत्पादक मी. रिसीव्हरवर माझं नाव, गाव आणि सिरियल नंबर कोरतो. अक्षरं तीन थाउ खोल आणि निदान अर्धा सूत उंच लागतात, म्हणजे ०.००३ आणि १/१६ इंच. तीन थाउ ऐकायला काहीच नाही, पण ॲनोडाइझ केलेल्या भागावर थर धरून खोली मोजली तर तपासनीस मान्य करत नाही, उघड्या धातूतली खोली मोजावी लागते. एकदा एका लॉटचे चार नग त्यापायी परत कोरलेत. मग वहीत नोंद, आणि नेताना त्या माणसानं डीलरकडे भरतो तसाच फॉर्म भरायचा, तपासणी व्हायची. एवढं ऐकल्यावर दहातले नऊ जण तुकडा कापडात गुंडाळून परत जातात. कारण त्यांना नंबर नसलेलीच हवी असते. तुम्ही त्यातले आहात असं मी म्हणत नाही, पण बाहेरून बघणारा सरकारी वकील तेच म्हणणार.

मग आतेभावाचं गॅरेज? इथं उत्तर खरोखर परिस्थितीवर आहे. उत्पादनाचा धंदा म्हणजे उपजीविका आणि नफा या मुख्य हेतूनं, नियमित व्यवसाय म्हणून बंदुका बनवून विकण्यात वेळ आणि श्रम घालणं, अशी कायद्यातली व्याख्या आहे. सख्ख्या आतेभावानं एकदा आपलं मिलिंग मशीन फुकट वापरू दिलं तर तो धंदा होत नाही. मशीन म्हणजे काही बंदूक नाही. ड्रिल उसनं देणं आणि ते देणं यात केंद्रीय कायद्यानं फरक केलेला नाही. पण पाच जण, दर शनिवार-रविवारी, कटरचे म्हणून माणशी वीस डॉलर, पुढच्या महिन्यात मित्रांचे मित्र. हे कुठल्या क्षणी धंदा होतं, त्याची रेघ कुणी आखून दिलेली नाही. ती रेघ नंतर, कोर्टात आखली जाते. आतेभावाला सांगा: पैसे नको, कटरचेही नको, आणि ओळखीच्या ओळखीची माणसं तर नकोच.

त्याहून मोठा खड्डा मात्र हाताचा आहे. तुम्ही लिहिलंत की तुम्हाला मिलिंगचा सराव नाही, "तो करून देईल, मी शेजारी उभा राहीन." थांबा. हॅंडव्हील त्याच्या हातात, तर बनवणारा तो ठरू शकतो. मग ती तुमच्या हाती देणं म्हणजे एकानं दुसऱ्याला बंदूक देणं झालं. आणि तो ओहायोचा रहिवासी, तुम्ही न्यू जर्सीचे. परवाना नसलेल्या माणसानं दुसऱ्या राज्यातल्या परवाना नसलेल्या माणसाला बंदूक देणं हा केंद्रीय गुन्हा आहे; द्यायचीच असेल तर ती डीलरमार्फत द्यावी लागते. नातं बघितलं जात नाही. दोन कपाटांमधून कपडे इकडचे तिकडे करावेत तसं भावाभावांत चालत असेल, असं आपल्याकडच्या माणसाला वाटतं. वारसाहक्कानं आलेली बंदूक आणि शिकारीसाठी, खेळासाठी तात्पुरती दिलेली, असे मोजके अपवाद आहेत, पण घरी बनवलेली कायमची देणं त्यात बसत नाही.

बरं, तुम्ही स्वतःच हात चालवला असं धरू. ओहायोत स्वतःसाठी घरी बंदूक बनवण्याविरुद्ध राज्याचा कायदा नाही, म्हणजे तिथं त्या दिवशी ठीक. पण गाडीत घालून टर्नपाइकनं घरी निघालात की न्यू जर्सीची हद्द लागते, आणि न्यू जर्सी या बाबतीत देशातल्या सगळ्यात कडक राज्यांपैकी आहे. २०१८ च्या कायद्यानं नंबर नसलेली बंदूक बनवण्यासाठी सुटे भाग विकत घेणं हाच गुन्हा केला. पुढच्या वर्षी अशी बंदूक बनवणं, बाळगणंही त्यात आलं. साधी रायफल घ्यायलाही तिथं आधी पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागतं. अर्ध-स्वयंचलित रायफलींवरचा १९९० चा कायदा तो आणखी वेगळा. तुमच्या आवडीचा नमुना त्यात बसतो की नाही, हे तिथल्या वकिलालाच विचारा.

"मग ओहायोतच ठेवून येईन," असं तुम्ही म्हणाल. ठेवणार कुणाकडे? आतेभावाकडेच ना. म्हणजे परत एका राज्यातल्या माणसाची बंदूक दुसऱ्या राज्यातल्या माणसाच्या ताब्यात. फिरून तिथंच आलो.

कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, इलिनॉय, कोलोराडो इथंही आपापले कायदे आहेत. तुमच्या पाचांतले बाकीचे कुठं राहतात ते तुम्ही लिहिलं नाहीत. कॅलिफोर्नियात २०१८ पासून घरी बनवण्याआधीच राज्याच्या न्याय खात्याकडून नंबर मागून घ्यावा लागतो. आणि तिथं २०२२ च्या कायद्यानं तर मशीनलाच हात घातला आहे: ज्या सीएनसीचं मुख्य काम बंदुका बनवणं हेच आहे, ते घरात ठेवणंसुद्धा परवान्याशिवाय चालत नाही. म्हणजे हत्यार कुणाचं हे कायदा विचारत नाही असं मी वर म्हणालो, त्याला हा अपवाद. तिथला कुणी ग्रुपात असेल तर त्याचं गणितच वेगळं.

जिगची भिशी. जिग म्हणजे शेवटी ठोकळा आणि बुश. कटर कुठं जावा हे सांगणारा. केंद्रीय कायद्यात एकटं जिग म्हणजे बंदूक नाही. ते मित्राला दिलं, चौघांनी मिळून घेतलं, यात स्वतःत गुन्हा नाही. पण एटीएफनं २०२२ मध्ये नियम बदलले, ते २४ ऑगस्टपासून लागू झाले, आणि त्यात एक गोष्ट आली जी जिग फिरवणाऱ्यानं नीट वाचायला हवी. अर्धवट तुकडा रिसीव्हर ठरतो की नाही हे बघताना त्याच्यासोबत दिलेलं जिग, साचा, सूचना, हत्यारं यांचाही विचार करता येतो. नुसता कोरा तुकडा, आतलं मशीनिंग न झालेला, खुणा नसलेला आणि जिगशिवाय विकलेला, हा रिसीव्हर नाही. तोच तुकडा, जिग आणि सूचना एका खोक्यात आले की चित्र पालटतं.

याविरुद्ध खटला झाला. सर्वोच्च न्यायालयानं २६ मार्च २०२५ ला सात विरुद्ध दोन मतांनी नियम उचलून धरला; निकाल न्यायमूर्ती गोरसच यांनी लिहिला. बंदुकांच्या बाजूचा समजला जाणारा न्यायाधीश असं लिहितो म्हटल्यावर आमच्या धंद्यात बऱ्याच जणांचे चेहरे उतरले. त्या निकालात एका पिस्तुलाच्या किटचं उदाहरण आहे: ते आधी कधी न पाहिलेल्या माणसानं साध्या हत्यारांनी आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून एकवीस मिनिटांत काम पुरं केलं. एकवीस मिनिटं. मी दोन नगांचं फेसिंग करून चहा पिऊन येतो तेवढ्यात.

आता तुमची भिशी बघा. समजा, या महिन्यात जिग तुमच्यातल्या कुणा बाळ्याकडे, पुढच्या महिन्यात तुमच्याकडे. बाळ्या खोक्यात जिग घालतो, वर आपला जादा तुकडा ठेवतो, आत छापील सूचना सरकवतो, आणि कुरिअर करतो एडिसनला. त्याला वाटतं मी मित्राला साधन पाठवलं. सरकार म्हणू शकतं की त्यानं परराज्यात परवान्याशिवाय बंदूक पाठवली. तीन निरुपद्रवी वस्तू, एक खोकं.

फायलींचं प्रकरण तर अजून बारीक आहे. २०१३ मध्ये टेक्ससमधल्या डिफेन्स डिस्ट्रिब्युटेडच्या कोडी विल्सननं प्लॅस्टिकच्या छापील पिस्तुलाच्या फायली इंटरनेटवर टाकल्या, तेव्हा परराष्ट्र खात्यानं निर्यात-नियंत्रणाचा आधार घेऊन त्या काढायला लावल्या. भांडण वर्षानुवर्षं चाललं. आता हा विषय वाणिज्य खात्याकडे आहे, पण मशीनला थेट देता येईल अशी फाइल सगळ्यांना दिसेल अशी इंटरनेटवर टाकणं अजूनही नियंत्रणाखाली आहे. आणि निर्यात म्हणजे सीमेपलीकडे पाठवणंच असं नाही. इथं बसलेल्या परदेशी नागरिकाला तंत्रज्ञान दिलं तरी ती त्याच्या देशात केलेली निर्यात मानली जाते. ग्रीन कार्डवाला त्यात धरत नाहीत. एच-१बीवाला धरतात. तुमच्या ग्रुपात तो एक आहे, आणि माझा अनुभव असा की आपल्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपात एखादा पुण्यातला चुलतभाऊ असतोच. शिवाय न्यू जर्सीच्या २०१८ च्या कायद्यात प्रिंटरनं बंदूक बनवण्याच्या फायली तिथल्या परवाना नसलेल्या माणसाला देणं हाही गुन्हा आहे. मिलिंगची फाइल त्यात येते का, यावर वाद घालत बसण्यापेक्षा फाइल पाठवूच नका.

आता तुमच्या त्या एच-१बीवाल्या मित्राबद्दल. त्याचं नाव यादीतून आजच काढा. बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला, म्हणजे एच-१बी, एच-४, एफ-१ किंवा आई-वडील ज्यावर येतात तो बी-२, या देशात बंदूक किंवा काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. अपवाद आहेत, त्यातला लोकांना ठाऊक असलेला म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. ग्रुपांवर "शंभर-दीडशे डॉलरचा शिकार परवाना काढ, झालं" हा सल्ला मी दर महिन्याला वाचतो. केंद्रीय कायद्यापुरता तो खोटा नाही. पण परवान्याची मुदत संपली आणि लक्षात राहिलं नाही, नोकरी गेली आणि स्टेटस लटकलं, राज्याचा कायदा हा अपवाद मानत नाही, असं काहीही झालं की हातात असलेली वस्तू गुन्हा होते. शिक्षा २०२२ पासून पंधरा वर्षांपर्यंत आहे. जाणूनबुजून त्याला बंदूक देणाऱ्यालाही तेवढीच. शिवाय बंदुकीच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढता येतं, ग्रीन कार्डवाल्यालासुद्धा.

बाळगणं म्हणजे घरी कपाटात ठेवणंच, असं समजू नका. २०१९ चा रेहैफ खटला यावरच आहे. स्टुडंट व्हिसावर आलेला मुलगा, मार्क कमी पडले म्हणून कॉलेजनं काढलं, स्टेटस गेलं. त्यानंतर तो फ्लोरिडात शूटिंग रेंजवर गेला आणि गोळ्या झाडल्या. तेवढा ताबा खटला भरायला पुरला. सर्वोच्च न्यायालयानं पुढं म्हटलं की आपल्याला बंदी आहे अशा वर्गात आपण मोडतो हे आरोपीला माहीत होतं, असं सरकारनं सिद्ध करायला हवं. पण तिथवर पोचेपर्यंत त्या मुलाची वर्षं गेली. तेव्हा तुमचा मित्र आतेभावाच्या गॅरेजमध्ये येऊन मशीनवर शिकतो म्हणाला तर ॲल्युमिनियमच्या साध्या ठोकळ्यावर शिकू दे. आणि हो, आई-बाबा आले की पुरी झालेली रायफल हातात देऊन फोटो काढू नका. मी हे गमतीनं लिहीत नाही, असा फोटो मला एकानं कौतुकानं दाखवला होता.

भोसरीचं उत्तर सगळ्यात छोटं: नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय शस्त्र बनवणं गुन्हा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. आणि त्या कायद्यात 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या बघा: शस्त्रांचे भाग आणि शस्त्रं बनवण्याची यंत्रसामग्री, दोन्ही तिच्यातच येतात. अमेरिकेत मिलिंग मशीन मिलिंग मशीनच राहतं. तिकडे त्या कामाला जुंपलेलं मशीन स्वतःच हत्यार ठरू शकतं. माझ्या उद्यमनगरातला शब्द कायद्यानं शब्दशः घेतला म्हणायचा. मेव्हण्याला "ॲल्युमिनियमचा एक ब्रॅकेट आहे" असं सांगून ड्रॉइंग पाठवाल, तो भरवशावर करून देईल, आणि उद्या पोलीस त्याच्या शेडमध्ये उभे राहतील. तुम्ही एडिसनला, तो भोसरीत. शिवाय तो नग बॅगेतून इकडे आणणं म्हणजे परवानगीशिवाय बंदुकीची आयात, तो इथला वेगळा गुन्हा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण आतेभावाच्या एका वाक्यावरून शंका आली. तो "छोटी नळी लावू" म्हणाला असं तुम्ही लिहिलंय. रायफलीची नळी सोळा इंचांपेक्षा आखूड असेल तर ती १९३४ च्या कायद्यात जाते आणि बनवण्याआधी एटीएफची मंजुरी लागते. दोनशे डॉलरचा कर २०२६ पासून अशा रायफलींसाठी आणि सायलेन्सरसाठी शून्य झाला आहे, त्यामुळं बऱ्याच जणांना वाटतं की मंजुरीही गेली. कर गेला, नोंदणी आहे.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. ओळखपत्रासाठी आधी पोलिसांकडे अर्ज केला असता. मग सिरियल नंबर असलेला, डीलरनं रीतसर विकलेला रिसीव्हर घेतला असता, न्यू जर्सीच्या वकिलाला यादी दाखवून बाकीचे भाग मागवले असते आणि घरच्या टेबलावर जुळवणी केली असती. हौसेतली खरी मजा तिथंच आहे. टॉर्क रेंच, हेडस्पेसचे गेज, रविवारची दुपार. हत्यारं तेव्हा हवी त्याची मागून आणा. आतेभावाचा टॉर्क रेंच आणि शेजाऱ्याचा वाइस मागून आणायला कुणाची ना नाही. आतेभावाकडे पडलेला तुकडा तिथंच राहू दे. त्याचं करायचं असेल तर ओहायोचा रहिवासी म्हणून तो स्वतः, स्वतःसाठी करील. तुम्ही एडिसनच्या पत्त्यावर तो मागवू नका. आणि पुढं कधी घरी बनवलेली बंदूक घेऊन तो माझ्यासारख्या परवानाधारकाकडे दुरुस्तीला गेला तर एवढं त्याला सांगा: त्याच दिवशी, त्याच्यासमोर करून परत दिली तर ठीक, पण ती माझ्या वहीत चढली तर सात दिवसांत किंवा परत देण्याआधी, जे आधी येईल तेव्हा, मला तिच्यावर नंबर कोरावाच लागतो. मग "नंबर कशाला टाकलास" म्हणून माझ्याशी भांडण नको, असे दोघे झालेत.

राहता राहिला आतेभावाच्या मशीनचा प्रश्न. स्पिंडलमध्ये खेळ आहे, फिनिश चांगला येत नाही, कटर किंचाळतो असं तुम्ही ताजा कलममध्ये लिहिलंय. बेअरिंगचा प्रीलोड बघा आणि टेबलाच्या गिब, म्हणजे खेळ काढणाऱ्या पट्ट्या, घट्ट करा आधी. त्या छोट्या मशीनमध्ये दोषी गिबच असतात बहुतेक वेळा. मशीनचं मॉडेल कळवा, त्याचं उत्तर वेगळं लिहितो, त्याला वकील लागत नाही.